गिरणी, मूर आणि पब : इंग्लंडमधल्या रविवारच्या पायपिटीची गोष्ट

‘रोज अर्धा तास चाला’ हे वाक्य मी दिवसातून किमान दहा वेळा बोलतो. चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहूनही देतो. पेशंट मान डोलावतात. तीन महिन्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘सुरू केलं होतं डॉक्टर, पण मध्ये पाऊस लागला, मग घरात लग्न निघालं, मग राहिलंच.’ पूर्वी मी याला आळस म्हणायचो. आता म्हणायला जीभ रेटत नाही. पाच गोळ्या न चुकता घेणारा माणूस चालणं तेवढं का सोडतो, हा प्रश्न आळस म्हणून निकालात काढण्याइतका सोपा नाही.

याचं उत्तर शोधताना मी वैद्यकीय पुस्तकांतून भरकटत इतिहासात शिरलो, आणि पोचलो उत्तर इंग्लंडमध्ये. तिथे एक जुनी रीत आहे. ऑगस्ट सरला, हवा गार झाली की रविवारी दहा-वीस जणांचा गट डोंगरावरच्या उघड्या माळावरून दहा-पंधरा मैल चालतो आणि संध्याकाळी एखाद्या खेड्यातल्या पबमध्ये जाऊन बसतो. चिखलाने माखलेले बूट दाराशी, ओले कोट शेकोटीजवळ, पुढ्यात चहा नाहीतर बिअर. पुढच्या आठवड्यात पुन्हा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. ही रीत पडली तेव्हा चालण्याने हृदय सुधारतं असा पुरावाच कुणाकडे नव्हता. तरी लोक चालत राहिले, आणि त्यासाठी कोर्टात उभे राहिले, तुरुंगातही गेले.

आधी हा माळ म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडच्या माळरानाशी त्याचं फारसं साम्य नाही. इंग्रजीत त्याला ‘मूर’ म्हणतात. झाडं जवळजवळ नाहीत. गुडघाभर उंचीचं हेदर नावाचं झुडूप, त्याखाली हजारो वर्षांच्या कुजक्या शेवाळाचा काळा, स्पंजासारखा थर. त्याला पीट म्हणतात. पाय टाकला की पाणी वर येतं. वर आडोसा नाही, त्यामुळे वारा सरळ अंगावर येतो. उन्हाळा संपता संपता हेदर फुलतं आणि अख्खा डोंगर जांभळा दिसतो. मग नेचे तांबूस पडतात, धुकं उतरू लागतं. चालायला हा सगळ्यात देखणा काळ. पण नेमक्या याच काळात मूर सर्वसामान्यांना बंद असायचा, आणि आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

हेदरमध्ये ग्राउस नावाचा तितरासारखा पक्षी राहतो. त्याच्या शिकारीचा हंगाम कायद्याने १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर जमीनदारांच्या आणि नव्या कारखानदारांच्या ताब्यात गेले, आणि पक्ष्यांची शिकार हा त्यांचा मोठा षोक झाला. पक्षी बुजू नयेत म्हणून माणसं नकोत. पिढ्यान्पिढ्या वहिवाटीच्या असलेल्या वाटांवर फाटकं आली, पाट्या आल्या, काठ्या घेतलेले रखवालदार आले. डोंगराच्या पायथ्याशी मात्र मँचेस्टर, शेफील्ड, बोल्टन अशी धुराने भरलेली शहरं वाढत होती.

बोल्टनची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ते सुताचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखाच्या वर वस्ती आणि आकाशात चिमण्याच चिमण्या. १८७४च्या कायद्यानंतर कापड गिरणीतला आठवडा साडेछप्पन्न तासांचा होता. ११ वर्षं पूर्ण झालेलं मूल अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत जायचं. बोल्टनमध्ये डॉ. जॉन जॉन्स्टन नावाचे एक जनरल प्रॅक्टिशनर होते. वॉल्ट व्हिटमन या कवीवर त्यांचं इतकं प्रेम की १८९०मध्ये त्याला भेटायला ते अमेरिकेला जाऊन आले. याच डॉक्टरांनी पुढे या अर्धवेळ बालमजुरीविरुद्ध आणि लँकेशरमधल्या मुलांच्या हालांविरुद्ध लेखणी उचलली. त्यांच्या दवाखान्यात काय येत असेल याची कल्पना मी करू शकतो. त्या दशकात इंग्लंडमध्ये जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी दीडशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत.

गिरणीत पिंजणीच्या खात्यात काम करणाऱ्यांच्या छातीत कापसाची धूळ बसायची. या आजाराला आपण बायसिनोसिस म्हणतो. त्याची एक विचित्र खूण मेडिकलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात प्रत्येकाने पाठ केलेली असते : त्रास सोमवारी सगळ्यात जास्त. रविवारी सुट्टी, छाती जरा मोकळी होते. सोमवारी पुन्हा धूळ आत गेली की श्वासनलिका आवळतात, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. मंगळवार-बुधवारपर्यंत शरीर काहीसं रुळतं. वर्षं गेली की रोजच सोमवार होतो. परीक्षेपुरतं हे पाठ करताना त्यातल्या रविवारकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

सूत कातणाऱ्या कामगारांची गोष्ट आणखी वेगळी. म्यूल नावाचं लांबलचक यंत्र पुढे-मागे सरकायचं आणि कामगार त्याच्याबरोबर पुढे-मागे चालत तुटलेले धागे जोडायचा. तेलकट फरशीवर, अनवाणी, दमट उकाड्यात, दिवसाला कित्येक मैल. म्हणजे हा माणूस चालत नव्हता असं मुळीच नाही. आजच्या पावलं मोजणाऱ्या घड्याळाने त्याला रोज शाबासकी दिली असती! तरीही तो रविवारी पुन्हा चालायला डोंगरावर जायचा. कामावरची दमछाक आणि फुरसतीतला व्यायाम यांचा शरीरावर परिणाम सारखा नसतो, हे अलीकडच्या अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. जड कामाने हृदयाला जो ताण पडतो त्यात विश्रांती नसते, वेग आपल्या हातात नसतो आणि हवा चांगली असेलच असं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या धुणीभांडी करणाऱ्या बायका म्हणतात, ‘दिवसभर चालतेच की मी.’ त्यांना हे समजावताना मला त्या म्यूलवरच्या कामगाराची आठवण होते.

रविवार मोकळा असणं हीसुद्धा साधी गोष्ट नव्हती. लँकेशरच्या गिरण्यांत रविवारबरोबर १८५०पासून शनिवारी दुपारी दोनला काम थांबू लागलं होतं. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळाली ती १८९०मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून. गंमत अशी, की भारतात कामाच्या तासांवर बंधनं यावीत म्हणून लँकेशरचे गिरणीमालकही विलायतेत दबाव आणत होते. त्यांना मुंबईच्या कामगाराची काळजी होती असं नाही, मुंबईच्या स्वस्त सुताची भीती होती.

आता १८९६चा सप्टेंबर. बोल्टनच्या उत्तरेला विंटर हिल नावाचा साडेचारशे मीटर उंचीचा डोंगर आहे. सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. त्यावर जाणारी वाट स्मिथिल्स इस्टेटमधून जायची आणि तिचे मालक होते कर्नल रिचर्ड हेन्री एन्सवर्थ. घराणं कापडाच्या ब्लीचिंगच्या धंद्यावर श्रीमंत झालेलं. त्यांनी ग्राउसच्या शिकारीसाठी ती वाट फाटक लावून बंद केली. सॉलोमन पार्टिंग्टन हे पत्रकार आणि जोसेफ शफलबॉटम हे समाजवादी कार्यकर्ते यांनी ठरवलं, की रविवारी ६ सप्टेंबरला त्याच वाटेने चालत जायचं.

शहरातून निघताना जमाव बेताचा होता. हॅलीवेल रस्त्याने चढण सुरू झाली तशी घराघरांतून माणसं येऊन मिळत गेली. फाटकापाशी पोचेपर्यंत दहा हजारांच्या आसपास लोक झाले होते असं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. समोर मूठभर पोलीस आणि रखवालदार. थोडी झटापट झाली, फाटक मोडलं, आणि लोक डोंगरावर गेले. पलीकडच्या उतारावर बेलमाँट नावाचं खेडं आहे. तिथे उतरून तहानलेले लोक पबमध्ये शिरले. ‘ब्लॅक डॉग’ हा त्यातला एक. पुढच्या रविवारी याहून जास्त लोक आले.

इंग्लंडच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या अशा आंदोलनांपैकी हे एक, पण त्याचं रूप पाहा. घोषणा देत कुठल्या कचेरीवर मोर्चा नेला नाही. लोकांनी केलं ते एवढंच, की रविवारी नेहमी जे करायचे तेच सगळ्यांनी मिळून केलं : डोंगर चढले, पलीकडे उतरले, पबमध्ये बसले, घरी आले. ॲलन क्लार्क नावाच्या बोल्टनच्याच लेखकाने त्यावर बोलीभाषेत गाणं रचलं. हेच क्लार्क स्वतः लहानपणी गिरणीत काम केलेले, आणि कारखान्यांचा कामगारांच्या शरीरावर काय परिणाम होतो यावर त्यांनी १८९९मध्ये पुस्तक लिहिलं. गाणं आणि ते पुस्तक एकाच हातून यावं यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

कोर्टात मात्र १८९७मध्ये एन्सवर्थ जिंकले. वाट बंदच राहिली.

इथे पबबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आपल्याकडे ‘पब’ म्हटलं की अंधार, कर्कश संगीत आणि शनिवारची रात्र डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधल्या खेड्यातला पब म्हणजे चावडी, खानावळ आणि ओसरी यांचं मिश्रण. चालून आलेल्याला तिथे गरम सूप, पाव-चीज आणि चहाही मिळतो. पण दारू होतीच, आणि त्या काळच्या कामगार वस्त्यांत दारूने संसार उद्ध्वस्त झालेलेही होते. दारूबंदीवाल्यांची चळवळ जोरात होती. टी. ए. लेनर्ड नावाच्या एका पाद्रीबुवांनी १८९१मध्ये कोल्न या गिरणीगावातल्या तरुणांना पायी हिंडायला तलावांच्या प्रदेशात नेलं, त्यामागे हाही विचार होता, की पोरांनी सुट्टीचे पैसे समुद्रकिनाऱ्यावरच्या चैनीत उडवू नयेत.

सरकारने याच काळात अजाणता एक मजेदार औषध लिहून दिलं होतं. रविवारी दुपारी मधले काही तास पब बंद ठेवण्याचा कायदा होता. अपवाद एकच : खरोखरीचा प्रवासी. १८७४च्या कायद्यात त्याची व्याख्या होती, की आदल्या रात्री तो जिथे झोपला ते ठिकाण पबपासून किमान तीन मैल दूर असलं पाहिजे. म्हणजे गावातल्या पबला कुलूप, पण तीन मैलांवरून आलेल्याला दार उघडं! बोल्टनपासून बेलमाँट साधारण पाच मैल. या सवलतीचा गैरफायदा घेणारे भरपूर होते आणि त्यावर वर्तमानपत्रांत विनोदही चालायचे. पण पाच किलोमीटर चालल्याशिवाय ग्लास मिळणार नाही, हा नियम आजच्या एखाद्या आरोग्य खात्यालासुद्धा सुचला नसता.

विंटर हिलनंतर चार वर्षांनी, सप्टेंबर १९००च्या पहिल्या रविवारी, शेफील्डहून चौदा माणसं रेल्वेने एडेल या खेड्यात उतरली. अकरा पुरुष, तीन बायका. त्यांना बोलावलं होतं बर्ट वॉर्ड या कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाने, ‘क्लॅरियन’ नावाच्या समाजवादी साप्ताहिकात जाहिरात देऊन. किंडर स्काउट या डोंगराला वळसा घालत ते सुमारे वीस मैल चालले. किंडरचं पठार बंदच होतं. पण त्याच्या कडेची, स्नेक इन या जुन्या सरायीकडे जाणारी वाट तीनच वर्षांपूर्वी, बऱ्याच वर्षांच्या वाटाघाटींनंतर, लोकांसाठी खुली झाली होती. (सरायीचं नाव रस्त्याच्या नागमोडी वळणांवरून पडलं असं बहुतेकांना वाटतं, खरं तर ते तिथल्या ड्यूकच्या कुलचिन्हातल्या सापावरून आहे.) अशा रीतीने ‘शेफील्ड क्लॅरियन रँबलर्स’ हा गट सुरू झाला. वॉर्ड दरवर्षी खिशात मावेल एवढी एक पुस्तिका काढत. वर्षभराच्या फेऱ्या, तारखा, कुठून निघायचं, वाटेतल्या जागांचा इतिहास. पाऊस आहे म्हणून फेरी रद्द, असा प्रकार नव्हता.

ती छोटी पुस्तिका मला फार महत्त्वाची वाटते. ‘चाला’ असा उपदेश तिच्यात करण्याची गरजच नव्हती. अमुक रविवारी, अमुक गाडीने, अमुक वाटेने, एवढं सांगितलं की पुरे. पुढचं काम बरोबरची माणसं करतात. स्टेशनवर तेरा जण आपली वाट बघत आहेत हे माहीत असलं की पांघरुणातून पाय बाहेर निघतो. तीन बायका त्या गटात होत्या हेही लक्षात घ्या. १९०० साली एखादी बाई एकटी वीस मैल डोंगरात गेली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. गटाने तिला ती मोकळीक दिली.

पुढचा टप्पा जास्त प्रसिद्ध आहे म्हणून थोडक्यात सांगतो. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या मुलाच्या पुढाकाराने सुमारे चारशे जण हेफील्डहून निघाले आणि बंदी मोडून किंडर स्काउटच्या चढावर घुसले. रखवालदारांशी झटापट झाली. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. जुन्या गटांतल्या अनेकांना हा आततायीपणा पसंत नव्हता, हेही नमूद करायला हवं. पण शिक्षा ऐकून लोकमत फिरलं. १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०००च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या मूरवर पायी हिंडण्याचा हक्क मिळाला.

आता डॉक्टर म्हणून ज्या प्रकरणाने मी हादरलो ते. स्नेक इनवरून जाणारी एक स्पर्धा १९५७पासून भरते, तिचं नाव ‘फोर इन्स’. चार सरायींच्या जागा जोडणारी ४५ मैलांची चाल, रोव्हर स्काउट मुलांनी सुरू केलेली. मार्च १९६४मध्ये २४० जण निघाले. हवा बिघडली, थंडी, पाऊस आणि जोराचा वारा. फक्त २२ जणांनी चाल पूर्ण केली. तीन तरुण मुलं थंडीने मेली.

या मृत्यूंचा अभ्यास केला डॉ. ग्रिफिथ प्यू यांनी. हेच प्यू १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ. तेनझिंग आणि हिलरी यांनी किती पाणी प्यावं, किती प्राणवायू घ्यावा याची आखणी त्यांच्या संशोधनावर झाली होती. एव्हरेस्टच्या थंडीचा जाणकार सहाशे मीटरच्या माळावर मेलेल्या मुलांचा अहवाल लिहितो, यातच खरी गोष्ट आहे. त्या मुलांना मारायला हिमालयाची थंडी लागली नाही. शून्याच्या थोडं वरचं तापमान, भिजलेले कपडे आणि वारा, एवढं पुरलं. कोरड्या कपड्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. कपडे भिजले की त्या हवेच्या जागी पाणी येतं आणि वारा ती ऊब खेचून नेतो. जोवर माणूस जोरात चालतो तोवर स्नायूंची उष्णता ही तूट भरून काढते. दमून वेग मंदावला की हिशेब उलटतो, शरीर थंड पडायला लागतं, त्याने आणखी दमायला होतं, वेग आणखी मंदावतो. तरुण, सशक्त माणूसही मग दोन-तीन तासांत कोसळू शकतो.

याची सुरुवात ओळखणं अवघड नाही, पण ती स्वतःची स्वतःला ओळखता येत नाही. मेंदूच थंड पडत असतो. अडखळणं, बोलणं जड होणं, विनाकारण चिडचिड, टोपी-हातमोजे घालायचा कंटाळा, गटाच्या मागे पडणं. बरोबरच्या माणसाने हे पाहिलं तर पुढे रेटायचं नाही. आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, खाली काहीतरी अंथरणं, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय. हातपाय चोळायचे नाहीत. आणि दारू तर नाहीच. बर्फातल्या माणसाला ब्रँडी पाजणारा कुत्रा चित्रात छान दिसतो, पण दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, अंगाला ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर निघून जाते. सह्याद्रीत पावसाळ्यात रात्रभर भिजून ट्रेक करणाऱ्या मुलांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. त्या तिघांच्या मृत्यूनंतर पीक डिस्ट्रिक्टमधली बचाव पथकं एका संघटनेखाली आली.

चालण्याचा फायदा आकड्यांत दिसला तो मात्र डोंगरावर नाही, लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस यांनी १९५३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी तो तितका जीवघेणा नसतो. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. विंटर हिल चढणाऱ्यांना हे कळायला आणखी सत्तावन्न वर्षं थांबावं लागलं असतं. ते थांबले नाहीत हे बरं झालं.

गटाने चालण्याबद्दलचा पुरावा त्याहून ताजा आहे. २०१५मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. एकूण १,८४३ माणसं. गटाने चालणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३.७ आणि खालचा ३.१ अंकांनी उतरला, नाडीचे ठोके मिनिटाला जवळपास तीनने कमी झाले, नैराश्याचं प्रमाणही घटलं. वजन आणि कोलेस्टेरॉलमधला फरक किरकोळ. मला यात जास्त भावलेला आकडा वेगळाच : चारातले साधारण तीन लोक शेवटपर्यंत टिकले. माझ्या चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेल्या ओळीला हे यश कधी मिळालेलं नाही. दुष्परिणाम जवळजवळ नाहीत. थोडे लोक ओल्या, ओबडधोबड जमिनीवर पडले, इतकंच.

पबचं काय? ‘डॉक्टर, म्हणजे चालून आल्यावर एक बिअर चालेल ना?’ हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. पाइंटभर साध्या बिअरमध्ये साधारण १८० ते २०० कॅलरी असतात. सत्तर किलोच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चालून जेवढं जाळलं त्यातला मोठा भाग ती परत भरते. म्हणून चालण्याची भरपाई असा हिशेब करू नका. जो पीत नाही त्याने तर चालण्याच्या निमित्ताने मुळीच सुरू करू नये. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावं. लांब चालल्यावर यकृतातला साखरेचा साठा कमी झालेला असतो, दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही, आणि औषध साखर उतरवतच राहतं. मग रात्री झोपेत, कित्येक तासांनी, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लोकांना वाटतं हा चढलाय म्हणून झोपलाय.

चालणाऱ्यांच्या लेखी पबचं काम ग्लासापुरतं नव्हतंच. चालीला एक शेवट होता, तिथे ऊब होती, आणि दिवसभर जे दोघातिघांत बोलणं झालं ते तिथे सगळ्यांत व्हायचं. नवीन आलेला माणूस तिथे ओळखीचा व्हायचा आणि पुढच्या रविवारी परत यायचा. लिंबू सरबत घेऊन बसणारेही त्याच बाकावर असत.

ब्रिटनमध्ये राहणारे काही मराठी वाचक मला लिहीत असतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. थियोबाल्ड पाम या डॉक्टरांनी १८९०मध्येच लिहून ठेवलं होतं, की मुडदूस धुरकट शहरांत होतो आणि भरपूर उन्हाच्या देशांत क्वचित दिसतो. सूर्यप्रकाशाचा हा संबंध मान्य व्हायला मग तीसेक वर्षं गेली. पण शरद ऋतूतल्या रविवारच्या चालीने ड जीवनसत्त्व मिळेल या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर ते मार्च तिथला सूर्य इतका खाली असतो, की त्वचेत ते तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. तिथला सरकारी सल्ला हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा आहे. सावळ्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही त्यात म्हटलं आहे. डोंगरावर जरूर जा, गोळीही घ्या.

विंटर हिलची वाट अखेर १९९६मध्ये, फाटक मोडल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, अधिकृतपणे सार्वजनिक झाली. २०१५मध्ये स्मिथिल्स इस्टेटच्या सतराशे एकरांची खरेदी वुडलँड ट्रस्ट या संस्थेने केली, आणि जिथून माणसांना हाकलत होते तिथे आता स्वयंसेवक झाडं लावतात. मोडलेल्या फाटकाच्या जागेजवळ एक दगड उभा केला आहे. तिथून चढून पलीकडे उतरलं की बेलमाँट लागतं.